आईच्या कडेवरून टेबलापर्यंत

फोंडाघाटहून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला जायचं आणि बरोबर लहान मूल असलं, की निघण्याआधी घरातलं कोणीतरी विचारतंच, "गोळी दिलीस ना त्याला?" गोळी म्हणजे अवोमिन. घाटाच्या वळणांवर पोट ढवळू नये म्हणून. मूल ओकत नाही, आणि राधानगरी येईस्तोवर आईच्या मांडीवर मान टाकून झोपलेलंही असतं. ही झोप त्या गोळीची आडवाटेने आलेली करामत. वैद्यकाच्या इतिहासात मात्र नेमकी तीच मोठी ठरली.

गोळीतलं औषध प्रोमेथाझिन. १९५०च्या आगेमागे आंरी लाबोरी हा फ्रेंच नौदलातला सर्जन शस्त्रक्रियेच्या धक्क्याने रुग्ण दगावू नयेत म्हणून अशी औषधं वापरून पाहत होता. ती घेतलेले रुग्ण जागे असत, विचारलेल्याला उत्तर देत, पण समोर ऑपरेशन आहे याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. त्या निरीक्षणाचा माग काढत फ्रान्समधल्याच रसायनशास्त्रज्ञांनी डिसेंबर १९५०मध्ये क्लोरप्रोमाझिन बनवलं आणि मानसिक आजारांवरच्या औषधांचं नवं दालन उघडलं. इकडे प्रोमेथाझिनचं गोड सिरप पुढे कित्येक वर्षं मुलांना ऑपरेशनच्या आधी पाजलं गेलं. दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास त्याने धोकादायकपणे मंदावू शकतो, असा ठळक इशारा या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने छापायला लावला. तेव्हा तान्ह्या बाळाला घाटाची गोळी आपल्या मनाने देऊ नये, हे जाता जाता.

ऑपरेशनची वेळ येते कशी? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. तेव्हापासून अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासतं. कुणाला अंतर्गळ निघतो, कुणाचा वृषण खाली उतरलेला नसतो, कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाच्या हृदयात छिद्र. मग कागद तयार होतात. फोंडाघाटच्या घरातून निघालेलं मूल कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जातं, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जातं, गुंतागुंत असली तर घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला किंवा हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीला.

अंतर्गळाचं ऑपरेशन अनुभवी हातात फार वेळ घेत नाही. अवघड असतात ती त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं. मूल कालपासून उपाशी-तापाशी, आईच्या कडेवर. दार उघडतं. हिरवे कपडे, झाकलेली तोंडं, गार हवा, कसलातरी वास, आणि अनोळखी हात पुढे येतात. "माका घराक जावचा आसा" एवढं एकच वाक्य, आधी हळू, मग किंचाळून. पूर्वी अशा वेळी दोघांनी हातपाय धरायचे आणि तिसऱ्याने नाकातोंडावर मास्क दाबायचा, हा सर्रास रिवाज होता. एकदा भूल चढली की रडणं थांबतं, मग कुणाचं काय बिघडलं, असा हिशेब होता.

बिघडतं, हे प्रथम नीट मांडलं डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने. १९४५ साली, महायुद्ध संपत असताना. ऑपरेशननंतर मुलं रात्री दचकून उठतात, अंधाराला भितात, आईला सोडत नाहीत. त्यांची ही भीती त्याला आघाडीवरून परतलेल्या सैनिकांच्या भीतीच्या जातीची वाटली. अर्ध्या शतकानंतर येल विद्यापीठातले भूलतज्ज्ञ झीव केन यांनी आकडे दिले. १९९६च्या त्यांच्या अभ्यासात ऑपरेशनला दोन आठवडे उलटल्यावर ५४ टक्के मुलांच्या वागण्यात नवी तक्रार होती: अंथरूण ओलं करणं, वाईट स्वप्नं, जेवायला नकार. सहा महिन्यांनीही २० टक्के मुलांत ती टिकून होती. पुढे २००६मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. ऑपरेशनच्या आधी जी मुलं जास्त घाबरलेली होती, त्यांना नंतर जास्त दुखलं. टॉन्सिल काढलेले, जखम सारखीच, पण वेदना वेगळी. म्हणजे दारातली ती दहा मिनिटं ऑपरेशनच्या बाहेरची नाहीतच.

मुलाला औषधाने शांत करण्याची कल्पना मात्र नवी नाही, आणि तिचा इतिहास फारसा गोडही नाही. शस्त्रकर्माआधी रोग्याला जेवू घालावं आणि वेदना न सोसणाऱ्या, मद्याची सवय असलेल्या माणसाला तीक्ष्ण मद्य पाजावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे, ते मोठ्यांपुरतं. लहानांसाठी घरोघर होती ती अफू. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जात. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीत डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने याची तपशीलवार नोंद केली आहे. या गिरणी कामगारांत मोठा भरणा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. बारा-बारा तास बाळ निपचित पडून राही. काही बाळं कायमचीच. त्या आयांना नावं ठेवण्याची मला हिंमत होत नाही. पाळणाघर नव्हतं, पगार कापला जायचा.

युरोपात याच काळात क्लोरल हायड्रेट होतं. लीबिगने १८३२मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं, पण झोपेसाठी वापरलं ऑस्कर लीब्राइखने १८६९मध्ये. त्याचा तर्क असा की रक्तात गेल्यावर यातून हळूहळू क्लोरोफॉर्म सुटेल. तर्क साफ चुकीचा होता, क्लोरोफॉर्म काही सुटत नाही. तरीही माणसं झोपली! शरीर त्यातून ट्रायक्लोरोइथेनॉल नावाचं वेगळंच रसायन बनवतं आणि गुंगी त्याची येते. हेच रसायन आपल्याकडे ट्रायक्लोफॉस सिरपमधून आजही मुलांच्या शरीरात जातं, बाळाच्या हृदयाची टू-डी इको किंवा मेंदूचा ईईजी काढताना ते हलू नये म्हणून.

आज ऑपरेशनच्या दारात जगभर सर्वांत जास्त वापरलं जातं ते मिडाझोलाम. न्यू जर्सीतल्या नटली गावी हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्मिन वाल्झर आणि रॉडनी फ्रायर यांनी ते १९७०च्या दशकाच्या मध्यात तयार केलं. तोंडाने द्यायचा नेहमीचा डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला सहा मिलिग्रॅम. तापाच्या साध्या पॅरासिटामॉलच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध असतं. हा डोस त्याच्या ऐंशीव्या भागाहूनही कमी. एवढ्यात वीस-तीस मिनिटांनी ते मूल अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून, किंचित झिंगल्यासारखं हसत आत जातं.

या रेणूची घडण बघण्यासारखी आहे. मेंदूत शिरायचं तर औषध चरबीत विरघळणारं हवं, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तशाच पदार्थांना सहज जाऊ देतो. पण बाटलीत भरायचं, टोचायचं तर ते पाण्यात विरघळणारं हवं. आधीचं डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचं इंजेक्शन शिरेत आग करतं. मिडाझोलामच्या रेणूत अणूंचं एक कडं आहे. आम्लात ते उघडतं आणि रेणू पाण्यात विरघळतो, म्हणून इंजेक्शनची बाटली मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. रक्तात आम्ल नाही. तिथे पोचताच कडं मिटतं आणि रेणू चरबीत विरघळणारा होतो. फोंडाघाट चढता चढता वरच्या थंडीसाठी घोंगडी पांघरणाऱ्या गाडीवानासारखा तो वाटेतच वेष बदलतो आणि थेट मेंदूत पोचतो.

चव मात्र जहर कडू. त्यामुळे गोड सिरप हाताशी नसलं की आपल्याकडचे भूलतज्ज्ञ इंजेक्शनचंच औषध मधात, साखरपाण्यात किंवा पॅरासिटामॉलच्या गोड सिरपमध्ये कालवून पाजतात. मुलाने त्यातलं निम्मं थुंकून दिलं तर नेमकं किती पोटात गेलं याचा पत्ता लागत नाही, आणि पुन्हा द्यावं की नाही हा भूलतज्ज्ञाचा खरा पेच असतो. त्यात गिळलेल्या औषधातला मोठा भाग आतडं आणि यकृत वाटेतच मोडून टाकतात. म्हणूनच शिरेतून ज्याचा किलोमागे दहावा भाग मिलिग्रॅम पुरतो, ते तोंडाने अर्धा मिलिग्रॅम द्यावं लागतं. ग्रेपफ्रूट खाल्लं तर आतड्यातलं हे मोडणारं एन्झाइम लुळं पडतं आणि औषध जास्त चढतं. ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाचंच संकरित अपत्य, आणि पपनसातही ती रसायनं असतात. गणपतीत परसातलं पपनस खाऊन दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असेल तर डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं.

मेंदूत गेल्यावर हा रेणू करतो काय? चेतापेशींच्या पृष्ठभागावर गाबा या रसायनाची दारं आहेत. गाबा येऊन चिकटलं की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी गप्प बसते. मिडाझोलाम गाबाच्या जागेवर बसत नाही, शेजारच्या खाचेत बसतं, आणि त्यामुळे गाबा आलं की दार अधिक वेळा उघडतं. गाबाच नसेल तर हे औषध एकट्याने काही उघडू शकत नाही. त्याची सुरक्षितता बऱ्याच अंशी इथे आहे. जुनी बार्बिट्युरेट मोठ्या डोसात स्वतःच दारं उघडून ठेवायची, आणि माणसं मरायची.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. पुढचं वाचलं तेव्हा मी थांबून पुन्हा वाचलं. ही दारं सगळी एका नमुन्याची नाहीत. १९९९मध्ये झुरिकच्या हान्स म्योलर, उवे रुडोल्फ आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर जन्माला घातले, ज्यांच्या एका प्रकारच्या दारात एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. या उंदरांना डायझेपाम दिलं तर ते पेंगत नसत, पण त्यांची भीती मात्र कमी होई. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकारच्या दारात तोच बदल केला, तर उलटं झालं: उंदीर पेंगले, भीती जशीच्या तशी. म्हणजे निर्भय होणं आणि झोप येणं, जे आपण मांडीवरच्या मुलात एकत्रच बघतो, त्या मेंदूत वेगवेगळ्या जागच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच औषधाने दोन्ही होतात, इतकंच.

आणि तिसरी गोष्ट, विसरणं. केन यांच्या गटाने मुलांना औषध पाजून ठरावीक वेळाने चित्रं दाखवली आणि ऑपरेशननंतर ती आठवतात का ते विचारलं. औषध पोटात जाऊन दहाच मिनिटं झालेली असताना पाहिलेली चित्रंही मुलांना आठवेनात. भीती उतरायला मात्र पंधरा मिनिटं लागली. हा पाच मिनिटांचा फरक विलक्षण आहे. त्या वेळात मूल घाबरलेलं असतं, रडतही असेल, डोळे टक्क उघडे, पण जे घडतंय ते मेंदूत साठवलं जात नाही. आईला तो आक्रोश जन्मभर आठवेल, त्याला नाही.

पण विसरलं म्हणजे पुसलं गेलं का? २००६मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हेच तपासलं. मिडाझोलाम घेतलेल्या मुलांना, मुद्दाम विचारल्यावर, पाहिलेलं आठवत नव्हतं. पण आठवल्याचं भान नसतानाही मनावर उमटून राहणारी जी दुसरी स्मृती असते, ती शाबूत होती. त्यामुळे "त्याला काही आठवणार नाही, धरा आणि मास्क लावा" हा युक्तिवाद मला पटत नाही. औषधाचा परिणाम होईपर्यंत थांबणं हे औषध देण्याइतकंच महत्त्वाचं. गर्दीच्या दिवशी, एका टेबलावर आठ केसेस लागलेल्या असताना, ती वीस मिनिटं मिळणं कठीण, हेही खरं.

काही थोड्या मुलांत हे औषध नेमकं उलटं वागतं. मूल शांत होण्याऐवजी बेभान होतं, चावतं, ओरबाडतं. त्यावर उतारा आहे, फ्लुमाझेनिल; तो त्याच खाचेतून मिडाझोलामला बाहेर काढतो. एरवी गुंगी आणि खोल भूल यांच्यात कुठे कुंपण घातलेलं नाही. शांत, पेंगुळलेलं, गाढ आणि श्वास थांबलेलं, अशी ती एकच उतरण. म्हणून औषध पाजल्यापासून मुलाजवळ माणूस हवा, ऑक्सिजन हवा आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवा. कोविडमध्ये घरोघरी पोचलेलं हे यंत्र १९७०च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याच्या कल्पनेतून आलं, आणि मुलांची भूल सुरक्षित होण्यात त्याचा वाटा कोणत्याही औषधापेक्षा कमी नाही. पोट रिकामं हवं तेही यासाठीच. जेवण सहा तास आधी, आईचं दूध चार तास, नुसतं पाणी दोन तास, हा जुना नियम. पाण्याची मुदत आता अनेक ठिकाणी एका तासावर आणली आहे. आपल्याकडे घोळ होतो तो पेजेवर. "काही दिलं नाही डॉक्टर, नुसती पेज पाजली" म्हणतात. पेज पातळ असली तरी भातच, तिला सहा तासांचाच नियम.

मिडाझोलाम नाकातही देता येतं, पण ते झोंबतं. हल्ली त्या जागी डेक्समेडेटोमिडिन येऊ लागलं आहे. त्याचा भाऊबंद मेडेटोमिडिन जनावरांच्या डॉक्टरांकडे आधीपासून होता. माणसांसाठी अमेरिकेत १९९९मध्ये परवानगी मिळाली. त्याला ना चव, ना आग. नाकात थेंब सोडले की परिणाम यायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण मिळते ती जवळपास खरी झोप. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे, जो आपल्याला जागं ठेवतो. रोज रात्री तो आपसूक मंदावतो. हे औषध त्यालाच मंदावतं. मेंदूच्या लहरी नैसर्गिक झोपेसारख्या दिसतात आणि हलवलं तर मूल जागं होतं. केटामाइनची तऱ्हा निराळी: डोळे उघडे, नजर शून्यात, लाळ गळतेय, श्वास मात्र ठीक. ज्याला काहीही पाजता येत नाही अशा हट्टी, दणकट मुलासाठी ते अजून कामाचं आहे.

मग आईच आत आली तर? केन यांनी १९९८मध्ये तीही तुलना केली. आई किंवा वडील सोबत असलेल्या मुलांपेक्षा मिडाझोलाम घेतलेली मुलं जास्त शांत होती. पुढे औषध आणि आई दोन्ही देऊन पाहिलं. मुलाला त्याचा आणखी फायदा झाला नाही, आईचा जीव मात्र भांड्यात पडला. मला तेवढंही पुरेसं कारण वाटतं. आणि याच्या पुढचं गमतीचं: अलीकडच्या काही चाचण्यांत टॅबलेटवरचा खेळ मिडाझोलामच्या तोडीस तोड, काहींत सरस ठरला. इटलीत २००५मध्ये विदूषकांनी मुलांची भीती कमी करून दाखवली. ज्या मोबाइलवरून घरात रोज वाद, तो हातात देऊन, कार्टून चालू असतानाच "आता फुगा फुगव बघू" म्हणत सेव्होफ्लुरेन या भुलीच्या वायूचा मास्क जवळ न्यायचा, ही युक्ती फुकट आहे आणि तिच्याने श्वास मंदावत नाही.

दुभंगलेल्या ओठाच्या मुलात हे सगळं क्रमाने दिसतं. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यात होतं. तेव्हा त्याला गुंगीचं औषध लागत नाही. इतकं लहान बाळ कुणाच्याही हातात जातं, परक्याची भीती सात-आठ महिन्यांनंतर उगवते. टाळूसाठी ते वर्षाच्या आसपास परत येतं तेव्हा ती भीती भरात असते, समजावणं शक्य नसतं, आणि कडू औषध मधात कालवावं लागतं. हिरडीत हाड बसवायला आठ-दहाव्या वर्षी येतं तेव्हा स्वतःच विचारतं, "सुई हाताला टोचणार की नाकातनं गॅस देणार?" अशा मुलाला बऱ्याचदा औषधाची गरजच उरत नाही, खरं उत्तर दिलं आणि निवड त्याच्यावर सोडली की भागतं. चाणाक्ष भूलतज्ज्ञ त्याआधी आईला विचारून घेतो, मागच्या वेळी आत जाताना कसं झालं होतं, आणि काय चाललं, काय नाही, ते केसपेपरवर पुढच्यासाठी लिहून ठेवतो.